क्रेडिट म्हणजे विश्वास

आज आपण एका इंग्रजी शब्दाची कुळकथा ऐकू या. बचत गटाच्या बैठकीत तो नेहमी कानावर येतो. ‘पैसे क्रेडिट झाले’ असं आपण सहज बोलून जातो. पण क्रेडिट म्हणजे नेमकं काय?

हा शब्द आला लॅटिनमधून, म्हणजे जुन्या रोमच्या भाषेतून. तिथे ‘क्रेडेरे’ हे क्रियापद होतं. अर्थ, विश्वास ठेवणे, भरवशावर सोपवणे. ‘क्रेडो’ म्हणजे मी विश्वास ठेवते, ‘क्रेडिट’ म्हणजे ती विश्वास ठेवते. आपली ‘श्रद्धा’ आणि हे ‘क्रेडो’ एकाच मुळाचे, असं भाषातज्ज्ञ सांगतात. संस्कृत आणि लॅटिन एकाच घराण्यातल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडलं होतं. म्हणजे शब्द परदेशी असला तरी नात्यातला आहे.

‘डेबिट’ही लॅटिनच. ‘डेबेरे’ म्हणजे देणं लागणे. आपण बँकेत शंभर रुपये भरले की बँक ते आपल्या नावावर क्रेडिट करते. कारण विश्वास आपण टाकला, आणि ते पैसे बँक आपलं देणं लागते. आपल्या जुन्या चोपड्यांत यालाच ‘जमा’ आणि ‘नावे’ म्हणत.

आता वऱ्हाडाकडे येऊ. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव पडले, कर्ज मात्र राहिलं. वही सावकाराची, अक्षरही त्याचंच. शेतकऱ्याचा फक्त अंगठा. विश्वास एकाच बाजूने ठेवला जात होता.

१९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्याच्या इंग्रजी नावातही ‘क्रेडिट’ आहे. मराठीत त्याला ‘पत’ हा नेमका शब्द मिळाला. गावकऱ्यांनी एकमेकांची हमी घ्यायची, ही त्यामागची कल्पना. पण सातबारा बहुधा पुरुषाच्या नावे, त्यामुळे बाईची पत विचारणार कोण? १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. सुरुवातीला ५०० गटांचं उद्दिष्ट होतं. तारण जमिनीचं नव्हतं. नियमित बैठक, नियमित बचत, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब, हीच आपली पत ठरली.

इंग्रजीत या क्रियापदाचा आणखी एक अर्थ आहे, श्रेय देणे. आपल्या जिल्ह्यात कापूस वेचतात त्या बहुतेक बायाच. पण पट्टी निघते कुणाच्या नावाने? ज्या कामावर सगळं घर विश्वास ठेवतं, त्याचं श्रेयही कुठेतरी लिहिलं जायला हवं.

म्हणून एक काम करू या. पुढच्या बैठकीत गटाचं पासबुक मधोमध ठेवू. सचिवबाईंनी एकटीने वाचायचं नाही. प्रत्येकीने जमा कुठलं आणि नावे कुठलं, ते बोट ठेवून दाखवायचं. जिला वाचता येत नाही, तिला शेजारणीने शिकवायचं. आणि समजल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही किंवा अंगठा करायचा नाही, मग तो कागद ओळखीच्या माणसाने का आणलेला असेना.