त्रैराशिक आणि छापखान्याचें घड्याळ



महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील शाळांतून मीं पस्तीस वर्षें मुलांना अंकगणित शिकविलें. त्यांत माझा आवडता भाग त्रैराशिकाचा. एका तासांत इतकें काम होतें, तर पांच तासांत किती होईल, हें उदाहरण मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल, त्याची गणती नाहीं. अशा मला एका पावसाळ्यांत त्रैराशिकानेंच फसविलें. किंवा खरें बोलावयाचें तर मींच त्याचा गैरवापर केला. ती हकीकत, आणि तिच्या निमित्तानें छपाईच्या कामाला लागणाऱ्या वेळाचा थोडा इतिहास, आज आपणांस सांगणार आहें.

स्वातंत्र्यदिनीं आमच्या केंद्रांतील शाळांच्या मुलांना प्रशस्तिपत्रें द्यावयाचीं होतीं. पत्रें पांचशें, रंग दोन. माझाच एक जुना विद्यार्थी स्क्रीन प्रिंटिंगचें दुकान चालवीत होता. तेरा ऑगस्टला सायंकाळीं मी त्याच्याकडे गेलों व विचारलें, "एका मिनिटांत किती छाप उठतात?" तो म्हणाला, "चार, गुरुजी." मीं तेथेंच हिशेब मांडला. पांचशें पत्रें, दोन रंग, म्हणजे एक हजार छाप. भागिले चार, म्हणजे अडीचशें मिनिटें. म्हणजे चार तास दहा मिनिटें. "मग उद्यां संध्याकाळीं सहज मिळतील," मीं म्हटलें. तो चाचरला. "गुरुजी, हवा ओली आहे, आणि तयारीचा वेळ—" मीं त्याला पुरतें बोलूं दिलें नाहीं. "हिशेब मीं तुला शिकविला कीं तूं मला?" असें मी हसत म्हणालों. गुरुजींपुढें काय बोलावें? त्यानें मान डोलाविली.

पंधरा तारखेस सकाळीं पत्रें पाहिलीं तों एकाची शाई दुसऱ्याच्या पाठीवर उतरलेली, आणि दुसरा रंग ज्वारीच्या दाण्याएवढा बाजूला सरकलेला. वाटण्याजोगें एकही पत्र नव्हतें. समारंभांत मुलांचीं नांवें पुकारलीं गेलीं, टाळ्या झाल्या. एक लहानगी दोन्ही हात पुढें करून माझ्यासमोर थांबली. माझ्या हातांत कांहींच नव्हतें.

आतां ही छपाई कशी असते तें पाहूं. दिवाळींत आपल्या घरीं भोकें पाडलेल्या पत्र्याच्या छाप्यांतून रांगोळी उमटवितात, तत्त्व तेंच. जपानांत कापडावर नक्षी उठविण्यासाठीं कातरलेल्या कागदाचे असे छापे फार पूर्वीपासून वापरीत. इंग्लंडांतील मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यानें १९०७ सालीं चौकटीवर ताणलेल्या रेशमी जाळीचा उपयोग करण्याचें पेटंट घेतलें. पुढें उजेडानें कठीण होणारा लेप जाळीवर चढवून त्यांतून अक्षरें काढण्याची युक्ति निघाली. रेशीम जाऊन नायलॉन व पॉलिएस्टर आलें. परंतु रबराच्या पट्टीनें शाई जाळींतून खालीं दाबावयाची, ही क्रिया तशीच राहिली.

या क्रियेंत हाताचा वेळ थोडा आणि बाकीचा फार. जाळी धुवावी, अंधारांत लेप द्यावा, तो सुकवावा, उजेड दाखवावा, पुन्हां धुवावी, पुन्हां सुकवावी, कागद नेमका बसवावा, दोनचार छाप वांयां घालवून पाहावे. प्रत्येक रंगास हें सारें नव्यानें. एक रंग वाळल्यावांचून त्यावर दुसरा चढवितां येत नाहीं. आणि आमच्या सावित्रीकांठच्या पावसांत शाई लवकर वाळत नाहीं. कागद दमट होऊन फुगतो, म्हणून पहिल्या रंगावर दुसरा बरोबर बसत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. समजा, एका रंगाच्या तयारीस दोन तास लागतात आणि मिनिटास चार छाप उठतात. शंभर पत्रिकांस १२० आणि २५ मिळून १४५ मिनिटें लागतील. पांचशांस १२० आणि १२५ मिळून २४५. परंतु शंभरांवरून त्रैराशिकानें पांचशांचा वेळ काढाल, तर ७२५ मिनिटें येतील. गिऱ्हाईक घाबरून परत जाईल. उलट पांचशांवरून शंभरांचा काढाल, तर ४९ मिनिटें येतील; तेवढ्यांत जाळीसुद्धां तयार व्हावयाची नाहीं! आणि वाळण्याचा वेळ तर यांत मुळीं धरलेलाच नाहीं. लहान कामाला 'एवढेंसेंच तर आहे' असें आपण म्हणतों, त्यांतली चूक ती हीच.

मग दोष त्रैराशिकाचा काय? नाहीं. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या आपल्या ग्रंथांतील लीलावतींत प्रमाण, फल आणि इच्छा अशा तीन राशि सांगितल्या, आणि प्रमाण व इच्छा या एकाच जातीच्या असाव्यात अशी अट घातली. तयारी, छाप आणि वाळवण हे तीन निराळ्या जातींचे वेळ आहेत. छापांची संख्या वाढली कीं छापण्याचा वेळ वाढतो. तयारीचा वाढत नाहीं. वाळण्याचा तर आकाशावर अवलंबून. मीं अट विसरून सूत्र तेवढें लक्षांत ठेविलें होतें.

छापणाऱ्यास तारखेचें बंधन नवें नाहीं. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापून काढलें. पंचांग हें गुढीपाडव्यापूर्वीं लोकांच्या हातीं पडलें तरच पंचांग. नंतर ती रद्दी. पाडवा कोणासाठीं थांबत नाहीं, म्हणून कामास केव्हां हात घालावयाचा हें पाडव्यापासून मागें मोजूनच ठरवावें लागतें. अमेरिकेंतील फ्रेडरिक टेलर यानें कामगाराच्या प्रत्येक हालचालीस किती वेळ लागतो हें घड्याळ लावून मोजलें, आणि १९११ सालीं त्या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केलें. पण हाताचा वेग मोजून शाई लवकर वाळत नाहीं.

आमच्या महाडासही न हलणाऱ्या तारखा पुष्कळ. १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें तो २० मार्च. त्याच वर्षीं मनुस्मृति जाळली गेली तो २५ डिसेंबर. १६७४ सालीं रायगडावर शिवराज्याभिषेक झाला तो ६ जून. या दिवसांसाठीं छापलेला फलक दुसरे दिवशीं काय कामाचा? अशा वेळीं "होईल" म्हणणें सोपें. "इतक्या दिवसांपूर्वीं आलांत तरच होईल" म्हणण्यास धैर्य लागतें. तें धैर्य मीं माझ्या विद्यार्थ्याजवळ राहूं दिलें नाहीं, हा माझा अपराध.

आठ दिवसांनीं नवीं पत्रें तयार झालीं. तीं घेऊन मी स्वतः शाळाशाळांतून हिंडलों, आणि त्या लहानगीचें पत्र तिच्या हातांत दिलें. नंतर दुकानांत गेलों, तेव्हां त्यानें एक वही पुढें केली. तींत प्रत्येक कामापुढें तीन रकाने होते: तयारी, छपाई, वाळवण. शेवटच्या रकान्यांत पावसाळ्याचे आंकडे तांबड्या शाईनें लिहिले होते. मीं वही तपासली, बेरजा बरोबर होत्या. संवयीनें मीं खिशांतून लेखणी काढली आणि पानाखालीं 'शाबास' असें लिहिलें. मग विचारलें, "बाळ, पुढल्या वर्षीं पत्रें पाहिजेत. केव्हां येऊं?"

तो म्हणाला, "गुरुजी, जुलैच्या अखेरीस या."

मीं मान डोलाविली.