प्राधिकरणाची पिढी आणि हार्मोनची गोळी

1972 साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि निगडीच्या माळावर कामगारांची घरं उभी राहू लागली. त्या घरांत विशीत संसार मांडलेल्या बायकांची पाळी जायची वेळ आली, ती साधारण 2002 च्या आगेमागे.

नेमका तोच मुहूर्त! 2002 च्या जुलैत अमेरिकेतली, पाळी गेलेल्या 16,608 स्त्रियांवरची हार्मोनच्या गोळीची चाचणी मध्येच थांबवली गेली. त्या गोळीतलं, गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन तिथे 1942 पासून विकलं जात होतं. आता आकडे आले: गोळी घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे 8 रुग्ण जास्त, खुब्याची 5 फ्रॅक्चर कमी. बोभाटा झाला तो आठांचाच. चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, हे मागेच पडलं.

आज साठीच्या आत, अंगातून फारच वाफा निघत असतील तर डॉक्टर तपासून हार्मोन देतात. गर्भाशय असेल तर मात्र नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही. जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतं.