टाच आणि काठी

फ्रेंच गवंडीकामाचे शब्द इंग्रजीत आणावयाचे तर केवळ कोश पुरत नाही. ‘तालों’ म्हणजे टाच. परंतु कंगणीवर तोच शब्द वर फुगीर व खाली खोलगट अशा वळणाचा वाचक असून इंग्रज कारागीर त्यास ‘ओजी’ म्हणतो. ‘स्टाफ’ त्याहून फसवा. इंग्रजीत त्याचा एक अर्थ काठी. फ्रेंच कामात मात्र तंतू घालून साच्यात ओतलेला गिलावा. देसाशी नामक फ्रेंच कारागिराने १८५६ साली इंग्लंडात अशाच गिलाव्याचे पेटंट घेतले. तेथे ‘फायब्रस प्लास्टर’ हे नाव रूढ झाले. उलट १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील शुभ्र इमारतींच्या गिलाव्यास अमेरिकनांनी ‘स्टाफ’च म्हटले. यास्तव भाषांतरकाराने आधी विचारावे, हा कागद कोणत्या देशीच्या गवंड्याहाती पडणार? एरवी छताच्या नक्षीऐवजी काठ्या मागविल्या जावयाच्या!