डेंगूविरोधी संयुगांची चाचणी

डेंगूच्या विषाणूची वाढ रोखू शकतील अशी प्रयोगशाळेत घडवलेली संयुगे शोधणे व पारखणे. एडिस इजिप्ती डासाच्या मादीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूचे चार प्रकार असून कामाचे औषध चारही प्रकारांवर चालावे लागते.

पहिली पारख पेशींवर होते. खळगेदार प्लास्टिकच्या तबकडीत, माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या व्हेरो पेशींचा थर वाढवतात. त्यावर विषाणू आणि कमीजास्त मात्रेत संयुग घालतात. काही दिवसांनी थर जांभळ्या रंगाने रंगवला, की विषाणूने पेशी मारलेल्या जागी फिकट ठिपके उरतात. ते मोजायचे. ठिपके घटले तरी हुरळून जाता येत नाही. पेशींनाच मारणारे संयुग हे औषध नव्हे, विष. म्हणून निम्म्या पेशी मारणारी मात्रा विषाणूला निम्म्याने रोखणाऱ्या मात्रेच्या किती पट आहे, हे पाहतात. पुढे उंदीर येतात. साध्या उंदरात डेंगू नीट वाढत नसल्याने इंटरफेरॉन या शरीराच्या विषाणूरोधक प्रथिनाला प्रतिसाद न देणारे 'एजी१२९' उंदीर वापरतात. म्हणजे हा प्राणीही जरा बेतलेलाच.

इथवर आलेली संयुगेही पुढे गळतात. सिंगापूरमधील नोव्हार्टिसच्या संस्थेने २००९ मध्ये मांडलेल्या 'एनआयटीडी००८'ने उंदीर वाचवले, पण कुत्र्यांत त्याची विषबाधा दिसली. हेपॅटायटिस सीसाठी बनवलेले बालापिराविर व्हिएतनाममध्ये डेंगूच्या रुग्णांना देऊन पाहिले. ६४ जणांच्या त्या चाचणीत (निष्कर्ष २०१३) ना विषाणू घटला, ना ताप लवकर उतरला. नंतरच्या प्रयोगांत एक कारण हाती लागले : संसर्गाने चेतवलेल्या रक्तपेशींत या औषधाचे सक्रिय रूपात रूपांतर पुरेसे होत नाही. शांत पेशींवरच्या चाचणीत हे कळणे कठीणच होते. शिवाय वेळेची अडचण आहे. ताप उतरताना, धोका वाढतो नेमका तेव्हा, रक्तातील विषाणू आपोआपच ओसरू लागलेला असतो.

बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठ व यान्सेन ही औषध कंपनी यांच्या कामातून पुढे आलेले मोस्नोडेनविर हे आजवरचे सर्वांत आश्वासक संयुग म्हणता येईल. एनएस३ आणि एनएस४बी या विषाणूच्या दोन प्रथिनांची जोडी ते जमू देत नाही. माणसांवरील अभ्यासापर्यंत ते पोचले. तरी कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपला अग्रक्रम बदलून त्याची क्षेत्रीय चाचणी थांबवली. रुग्णाला आजही पॅरासिटामॉल, पुरेसे द्रव आणि रक्ताच्या घट्टपणावर डोळ्यांत तेल घालून ठेवलेली नजर यांवरच भिस्त ठेवावी लागते.