नावांची भिंत, आकड्यांची पाटी

मुंबईत कुलाब्याच्या लष्करी वस्तीत एक चर्च आहे. कागदोपत्री त्याचं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट; मुंबईकर मात्र त्याला अफगाण चर्चच म्हणतात. 1858 च्या जानेवारीत ते खुलं झालं, 198 फुटी मनोरा पुरा व्हायला 1865 उजाडलं. सिंधच्या मोहिमेत आणि पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांचं स्मारक म्हणूनच ते बांधलं. आत भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं आहेत. त्याखालच्या लेखाचा आशय असा की, ज्यांची नावं वर लिहिली आहेत त्या अधिकाऱ्यांच्या आणि संख्येने फार असल्यामुळे ज्यांची नावं लिहिता आली नाहीत त्या सार्जंट-शिपायांच्या स्मरणार्थ ही वास्तू. नावं गाळली हे निदान हा दगड कबूल तरी करतो. पुढच्या कितीतरी स्मारकांनी तेवढंही केलं नाही.

युद्धस्मारकाची कुळकथा शोधायला लागलं की हाच प्रश्न वाटेत आडवा येतो: नाव कोणाचं लागलं आणि कोण नुसत्या आकड्यात गेला?

आपल्याकडे या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे वीरगळ, लढताना पडलेल्या वीराचा कोरीव दगड. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईगुरांसाठी झालेली झुंज, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबतं आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. आम्हा बेला-आदिलाबादकडच्यांना हा दगड मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत भेटतो. तेलुगूत तो वीरगल्लु. पण बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. गावाला माणूस ठाऊक होता, लिहायची गरज कोणाला? चार पिढ्यांत ओळख पुसली आणि त्याच दगडाला कुठे शेंदूर लागला, कुठे त्यावर धुणं आपटलं जाऊ लागलं.

लिहिलेल्या नावाची ताकद पाहायची तर भीमा कोरेगावला जावं. 1 जानेवारी 1818 च्या लढाईनंतर कंपनी सरकारने 1821 मध्ये तिथे स्तंभाचा पाया घातला आणि पडलेल्या शिपायांची नावं इंग्रजी-मराठीत कोरली. त्यांत महार शिपायांची 22 नावं आहेत, 'नाक' या प्रत्ययामुळे ती चटकन ओळखू येतात. कंपनीने तो स्तंभ स्वतःच्या विजयासाठी उभारला होता, यात शंका नाही. पण नावं होती, म्हणून शंभर वर्षांनी वारस उभे राहिले. 1 जानेवारी 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि त्या दगडाचा अर्थच बदलला.

इंग्लंडात गावच्या चर्चच्या आवारात जो क्रूस आणि नावांची यादी दिसते, तीही काही पुरातन रीत नव्हे. साध्या शिपायाचं नाव मोठ्या प्रमाणावर दगडावर चढलं ते बोअर युद्धानंतर. पहिल्या महायुद्धात त्याची लाट आली, आणि तिचं कारण अगदी व्यवहारी होतं. एप्रिल 1915 मध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू फ्रान्समध्ये मारला गेला. वजनदार घराणं, त्यामुळे खास परवानगीने त्याचं शव मायदेशी आणलं. बाकीच्यांनी काय करायचं? लवकरच शवं आणायला सरसकट बंदी झाली. 1917 मध्ये युद्धकबरींसाठी आयोग नेमला गेला, त्याचा नियम एकच: हुद्दा कोणताही असो, थडग्याचा दगड सारखाच. कबर परदेशात राहिली, म्हणून आईबापांनी गावात, रोज नजरेला पडेल अशा जागी, नाव कोरून घेतलं.

तीच लाट हिंदुस्थानात आली, पण नावं बोटीवरच राहिली. भरतीच्या गावांत सरकारने संगमरवरी पाट्या बसवल्या: या गावातून इतके जण 1914 ते 1919 च्या महायुद्धाला गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. बस्स. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे 46 जण त्या युद्धात कामी आले. गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलं आणि तिथेही सरकारने स्मारक उभारलं.

मराठा पलटणी मोठ्या संख्येने मेसोपोटेमियात लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या; 29 एप्रिल 1916 ला तिथे शरणागती झाली. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचंही आहे. हिंदी शिपाई मात्र पलटणवार आकड्यात. जमलं नसतं असं म्हणावं, तर फ्रान्समध्ये नव शापेलला 1927 मध्ये उघडलेल्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं व्यवस्थित कोरलेली आहेत. युद्धकबरींच्या त्या आयोगाने 2021 मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली.

आमचं बेला तेव्हा निजामाच्या मुलखात. हैदराबाद संस्थानचे लान्सर इजिप्त-पॅलेस्टाइनच्या आघाडीवर गेले होते. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातला एक भालाईत त्यांचा, उरलेले दोन जोधपूर आणि म्हैसूरचे. चौकाला नाव पडलं तेही मूर्तींच्या संख्येवरून!

तरी या पाट्या जपाव्यातच, कारण पुष्कळ गावांत त्या युद्धाचा सार्वजनिक पुरावा तेवढाच उरला आहे. चावडी पाडताना पाटी फरशीसारखी उलटी बसवू नका, अक्षरांवर ऑइलपेंट फासू नका. शेजारी एक दुसरी पाटी लावा, नावांची. नावं कुठून आणायची? घरातली ट्रंक उघडा. महायुद्धात शिपायाला मिळालेल्या चांदीच्या पदकाच्या कडेवर त्याचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. पदक सोनाराला मोडीत घालण्याआधी भिंग लावून ती कड वाचा, नाव उतरवून घ्या आणि ग्रामपंचायतीत नेऊन द्या.