सुवर्णपृष्ठावरील स्फुरद

रोह्यानजीकच्या वरसे-धाटाव परिसरात, तेथील रासायनिक कारखान्यांमुळे, स्फुरदाचे नाव नवे नाही. त्याचा अलीकडील इतिहास मात्र अपरिचित आहे. १९१४ साली पर्सी ब्रिजमन यांनी पांढऱ्या स्फुरदास २०० अंश सेल्सिअस उष्णतेत सुमारे १२,००० वातावरणांचा दाब दिला. हेतू तांबड्याचा होता, हाती आला काळा! त्याचे अतिपातळ पापुद्रे सुटे करणे साधले ते थेट २०१४ साली. त्याच वर्षी झू व टोमानेक यांनी निळ्या स्फुरदाचे भाकीत केले, आणि २०१६ साली सिंगापूर येथील संशोधकांनी तो सुवर्णपृष्ठावर वाढविल्याचे जाहीर केले. पुढील परीक्षणांत मात्र त्या जाळीत सुवर्णाचे अणूही गुंतलेले आढळले. अर्थात, ज्यास केवळ आधार मानले होते तो धातू घडणीतच सहभागी होता. मग त्या थरास स्फुरद म्हणावे काय, हा प्रश्न निव्वळ नामकरणाचा उरत नाही.