शिलेदाराची घोडी

नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तेथे घोडी घेणाऱ्यापुढे जो प्रश्न असतो, तोच मराठ्यांच्या शिलेदारापुढे होता: घोडी किती वेळा फळवावी? ती अकरा महिने गाभण राहते आणि व्याल्यावर आठ-दहा दिवसांतच पुन्हा माजावर येते. म्हणजे दरसाल एक शिंगरू. हा लोभ काही थोडा नव्हे! पण एक पोटात, दुसरे अंगावर पिणारे, अशी घोडी मोहिमेवर न्यावी कशी? बारगिराला सरकारी घोडे मिळे. शिलेदाराचे घोडे स्वतःचे, त्याच्या चाकरीचे सारे भांडवलच ते. शिंगरू तर तीन-चार वर्षांवाचून स्वारीला येत नाही. भीमा-नीरेकाठची काटक भीमथडी घोडी अशाच हिशेबांतून निपजली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, शिलेदारी ओसरली आणि भीमथडीची मागणीही आटत गेली.